'अडनिडा' म्हणजे नक्की कोण?

अर्जवाला (घणसोली), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतो. एका शब्दाबद्दल विचारायचं आहे.

घणसोली स्टेशनजवळ माझं अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रेशनकार्डात नाव चढवणं-उतरवणं, आधारचा पत्ता. अकरा वर्षं झाली. जून-जुलैत रांग पार पायऱ्यांच्या खाली जाते.

या कामात रोज अशी माणसं येतात जी कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत. नवरा बारा वर्षं घरी फिरकलेला नाही, घटस्फोटही नाही. मग 'विवाहित' लिहायचं की काय लिहायचं? 'परित्यक्ता' हा पर्याय काही अर्जांत असतो, काहींत नसतो. एखाद्याचा जन्म घरी झाला, नोंद झाली नाही, शाळेच्या दाखल्यावर गाव भलतंच लागलं. अशांना आमच्या टेबलावर एक नाव पडलं, 'अडनिडा'. माझ्या जोडीला बसणाऱ्या मुलाने सुरू केलं, मग मीही बोलायला लागलो. "एक अडनिडा आहे, तुम्ही बघा" याचा अर्थ हे पाच मिनिटांचं काम नाही, खुर्ची द्या, पाणी द्या, सगळे कागद पसरून बघा. आमच्या मनात त्या शब्दाला वाईट वास नव्हता.

गेल्या बुधवारी बारावी झालेली एक मुलगी आली. जन्म ऐरोलीचा, शाळा मराठी, बोलणं माझ्यापेक्षा स्वच्छ. आजोबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामाला म्हणून कर्नाटकातून आले ते १९७४ साली. आता इतर मागास प्रवर्गाचा दाखला काढायचा तर कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ ला किंवा त्याआधी महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागतो. म्हणजे सात वर्षांनी चुकलं. मूळ राज्यात जात यादीत आहे, पण तिथला दाखला काढला तरी इथल्या प्रवेशाला त्याचा उपयोग नाही. आणि तिकडच्या कॉलेजात ती जाणार कशी, तिला कानडी वाचताही येत नाही.

मी हे तिला समजावत होतो आणि मागून आमचा मुलगा नेहमीच्या सवयीने म्हणाला, "सर, ही पण अडनिडीच ना?"

तिने ऐकलं. रडली नाही, चिडली नाही. कागद गोळा करता करता मला विचारलं, "काका, अडनिडी म्हणजे काय? मी तर इथलीच आहे."

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तर विचारायचं हे की अडनिडा हा शब्द माणसाला लावणं चूक आहे का? आणि असं मधेच राहिलेल्या माणसाला आपल्याकडे आणखी कोणते शब्द आहेत? तुमच्या घरात, गावात, कामाच्या ठिकाणी काय म्हणतात?


उपवन (ठाणे पश्चिम), सोमवार रात्री

धागा आवडला. शब्दाबद्दल मला जे माहीत आहे ते सांगतो.

'अडनिडा' आपण जास्त करून दोन गोष्टींना लावतो, वेळेला आणि वयाला. दुपारी साडेतीनला पाहुणा आला की माझी आजी म्हणायची, "अडनिड्या वेळी आलास रे, आता तुला वाढू काय?" जेवणाची वेळ गेलेली, चहाची झालेली नाही. यात दोष पाहुण्याचा नव्हताच, वेळेचा होता, आणि हे म्हणता म्हणता ती पिठलं टाकायला उठलेलीसुद्धा असायची.

'अडीनडीला धावून येणे' यातला 'अडीनडी' वेगळा. तो अडचणीचा शब्द. दोन्ही कानाला जवळचे वाटतात म्हणून लोक गल्लत करतात. तुमच्या टेबलावर मात्र दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात: माणूस अडनिडा, आणि आलाय अडीनडीला.

मला वाटतं वेळेवरून, वयावरून शब्द उचलून माणसावर ठेवला तिथेच त्याचा अर्थ बदलला. अडनिडी वेळ टळून जाते. अडनिडं वयही सरतं. 'अडनिडी मुलगी' म्हटलं की ते तिला चिकटून बसतं.


सातवी_ब (कळवा), मंगळवार सकाळी

उपवन, शेवटच्या दोन ओळींशी पूर्ण सहमत.

मी सातवीच्या वर्गाला शिकवते, म्हणजे रोज पंचेचाळीस अडनिड्या वयांसमोर उभी असते. रेल्वेच्या लेखी पाच वर्षं पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं तिकीट. सहलीच्या वेळी माझ्या वर्गात निम्मी मुलं 'अर्धी' असतात, निम्मी 'पूर्ण', आणि पूर्ण तिकीटवाला मुलगा बरेचदा वर्गातला सगळ्यात बुटका असतो. घरी त्याला सांगतात "आता तू मोठा झालास, पाणी भर", आणि तासाभराने "लहान आहेस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस." दोन्ही वाक्यं एकाच तोंडून.

पण मला सांगायचं होतं ते 'लिंबूटिंबू'बद्दल.

पटांगणात नऊ मुलं लगोरी खेळतायत, कोणाची तरी पाच वर्षांची बहीण मागे लागलीय. तिला घ्यायचं तर टीम बिघडते, नाही घ्यायचं तर ती घरी जाऊन सांगणार. मग ठरतं, ही लिंबूटिंबू. ती धावणार, चेंडू आणून देणार, ओरडणार, पण आउट झाली तरी आउट नाही आणि तिने रचलेली लगोरी धरायची नाही. आमच्या वेळी लिंबूटिंबूच म्हणायचे, आताची मुलं 'कच्चा लिंबू' म्हणतात. माझ्या मते मुलांनी शोधलेल्या नियमांमध्ये हा सगळ्यात मायाळू नियम आहे. कुणाला बाहेर काढायचं नाही म्हणून केलेला.

मायाळूपणाची हद्द मात्र लवकर येते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पायाच्या आजारामुळे त्याला जोरात पळता येत नसे. वर्गाने त्याला प्रेमाने लिंबूटिंबू केलं. पहिली तिमाही तो खूश. दिवाळीनंतर एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मला आउट व्हायचंय." मला आधी कळलंच नाही. त्याला खेळात घेतलं होतं, पण तो हरू शकत नव्हता, म्हणून जिंकूही शकत नव्हता. मग मुलांनीच बसून नियम बदलला. त्याच्यासाठी रेष चार पावलं अलीकडे ओढली आणि त्याला आउट धरायला सुरुवात केली. त्या दिवशी तो तीनदा आउट झाला आणि तीनही वेळा उड्या मारत आला.

अर्जवाला, तुमच्या त्या मुलीचं मला तसंच वाटलं. तिला शाळेत घेतलं, इथल्या भाषेत वाढवलं, आणि मोजायची वेळ आली तेव्हा लिंबूटिंबू.


हिरवा_चहा, मंगळवार

+१. सातवी_ब, डोळे भरून आले.


दोन_भाषा (वाशी), मंगळवार दुपारी

मी मूळचा धारवाडकडचा, पस्तीस वर्षं वाशीत. लिंबूटिंबूसाठी कानडीत अख्खं वाक्यच आहे: 'आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल'. खेळात आहे, हिशेबात नाही. लहान मुलांसाठीचंच, पण मोठी माणसंही वापरतात. कार्यालयात सगळ्या बैठकांना बोलावतात पण मत विचारत नाहीत अशा माणसाला हेच म्हणतात. आमच्या इमारतीतल्या तमिळ मावशी 'ओप्पुक्कु चप्पाणी' म्हणतात, नावापुरता घेतलेला गडी. आणि बंगाली शेजाऱ्यांकडे 'दुधभात'. जो अजून दूधभातच खातो, म्हणजे लहान, त्याचं धरायचं नाही.

एकाच मजल्यावरच्या चार घरांत चार शब्द, आणि चारही खेळातून आलेले. म्हणजे गोष्ट सगळीकडे तीच दिसते.

अर्जवाला, त्या मुलीच्या आजोबांचं गाव कोणतं ते इथे लिहू नका, पण काही कानडी कागद वाचायचे असतील तर सांगा.


पेंढार_मेट्रो (खारघर), मंगळवार संध्याकाळी

माणसांबद्दल नाही, जागेबद्दल लिहितो. चालेल ना?

मी खारघरचा. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहितो. वसवलं सिडकोने, पण नवी मुंबई महानगरपालिकेत नाही. १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिका. नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात, आम्ही रायगड जिल्ह्यात. वाशीचा पिनकोड ४०० ने सुरू होतो, आमचा ४१० ने. वाशीच्या गाडीचा नंबर एमएच ४३, आमचा ४६. बेलापूरहून पेंढारला जाणारी मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिचं नाव नवी मुंबई मेट्रो, आणि ती जाते आमच्या दारातून.

कुठे राहता विचारलं की मी 'नवी मुंबई' म्हणतो. वाशीवाले म्हणतात, "खारघर म्हणजे पनवेल ना?" पनवेलच्या जुन्या लोकांत बसलो की ते म्हणतात, "तुम्ही नवी मुंबईवाले." बायको म्हणते, तुम्ही सरळ 'खारघर' सांगत जा. मला ते पटतं, पण तोंडात नवी मुंबईच येतं.

याला आम्ही मित्र 'तळ्यात-मळ्यात' म्हणतो.


उपवन, मंगळवार रात्री

तळ्यात-मळ्यात वेगळं हो. त्या खेळात रेषेच्या अलीकडे-पलीकडे उडी *तुम्ही* मारता. राज्य असलेल्याने 'तळ्यात' म्हटलं की इकडे, 'मळ्यात' म्हटलं की तिकडे. चुकलात तर बाद. म्हणून ज्याला ठरवता येत नाही किंवा ठरवायचं नाही त्याला आपण 'त्याचं तळ्यात-मळ्यात चाललंय' म्हणतो. निवडणुकीच्या आधी हा शब्द हमखास छापून येतो. तुम्ही खारघरमध्ये एकाच जागी उभे आहात. रेषा तुमच्या पायाखालून सरकल्या.

त्रिशंकूचंही तेच. विश्वामित्राने सदेह स्वर्गात पाठवला, इंद्राने खाली ढकलला, आणि बिचारा दोघांच्या ओढाताणीत अधांतरी. त्याने निदान स्वर्गात जायचं मागितलं तरी होतं. तुमच्या मुलीने काही मागितलेलंच नाही, अर्जवाला. ती जन्माला आली तिथेच आहे.


रविवार_पेठ_ते_राबोडी, मंगळवार रात्री

भाषेपुरतं बोलायचं तर 'धेडगुजरी' हा शब्द आहे की. ना धड मराठी, ना धड इंग्रजी, अशा मिश्र बोलण्याला म्हणतात.


सातवी_ब, मंगळवार रात्री

कृपया तो शब्द नको. त्यातला पहिला भाग एका जातीच्या नावाचा आहे, आणि ते नाव शिवी म्हणून वापरलं गेलं आहे. आपण 'भेसळ' म्हणायला ज्या माणसांचं नाव वापरतो ती माणसं माझ्या वर्गात बसतात. मी स्वतः हा शब्द पूर्वी निबंधांच्या शेऱ्यात लिहिलेला आहे. एका पालकांनी येऊन शांतपणे अर्थ सांगितला, त्यानंतर नाही लिहिला. 'सरमिसळ' आहे, 'मिश्र' आहे, काही अडत नाही.


रविवार_पेठ_ते_राबोडी, बुधवार सकाळी

अर्थ खरोखर ठाऊक नव्हता. वडिलांच्या तोंडून ऐकत आलो. माफ करा, पुन्हा वापरणार नाही. मूळ प्रतिसाद काढत नाही, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला तुमचं उत्तर कशाला आहे ते कळेल.


निवटी (गोठिवली), बुधवार दुपारी

मी आगरी. घर गोठिवलीचं. धागा काल रात्री वाचला आणि झोपच आली नाही, म्हणून जरा मोठं लिहितो.

माझं नाव इथे निवटी का आहे असं मागे कुणीतरी विचारलं होतं. निवटी हा खाडीच्या चिखलातला मासा. ओहोटीला पाणी उतरलं की बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, निवटी मागे राहते. पुढच्या दोन परांवर रेटा देत चिखलावर चालते, उड्या मारते, डोळे डोक्याच्या माथ्यावर. अंग ओलं असेपर्यंत कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते. भरती आली की बिळात. माझी आजी बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढायची. तिच्या कालवणाची चव मी कुठे पुन्हा चाखली नाही.

शाळेत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, मासे पाण्यात राहतात, पाण्याबाहेर मरतात. मी हात वर करून म्हटलं, निवटी नाय मरत. वर्ग हसला. घरी येऊन आजीला विचारलं, निवटी पाण्याची का जमिनीची? आजी म्हणाली, "इकरची बी नाय, तिकरची बी नाय. खाजनाची हाय." आणि कामाला लागली.

तिच्यासाठी तो प्रश्नच नव्हता. खाजण हे पाणी आणि जमीन यांच्या मधलं काहीतरी अर्धवट नव्हे. ती एक तिसरी जागा आहे, तिला तिचं नाव आहे. तिथे राहणारी झाडं वेगळी. तिवराची मुळं चिखलातून वर येतात, पेन्सिली रोवल्यासारखी, श्वास घ्यायला, आणि पानांवर मीठ बाहेर टाकतात. तिथली भातशेती वेगळी, बांध घालून खारं पाणी थोपवायचं आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पावसाचं सोडून द्यायचं. पाणीसुद्धा गोडं नाही नि खारंही नाही, निमखारं. प्रत्येकाला शब्द आहे. पुस्तकातला 'पाणथळ' हा शब्दच बघा, पाणी पण त्यात आणि थळ पण त्यात. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र इथे 'पडीक दलदल' दिसली. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली तेव्हा मला आजीची आठवण आली. जगाला कळायला उशीर झाला, तिला ठाऊक होतं.

आता घराचं. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांची जमीन गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या बाजूला आंदोलन झालं, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे सगळ्यांना माहीत आहे. मधला भाग कमी लोकांना माहीत आहे. भूखंड मिळेपर्यंत वर्षं गेली, कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द तीच. दोन भावांची लग्नं झाली, पोरं झाली, राहायचं कुठे? माणसांनी गावठाणाला लागून आपल्याच जुन्या जमिनीवर खोल्या बांधल्या. कागदोपत्री जमीन आपली राहिली नव्हती. मग ही घरं अधिकृत का अनधिकृत?

याला सरकारी कागदात शब्द आला, 'गरजेपोटी बांधलेली घरे'. मला तो शब्द फार मोलाचा वाटतो. अधिकृत नाही, अनधिकृतही नाही, गरजेपोटी. घर *का* बांधलं ते त्यात आहे. आमच्याकडे लोक तो अभिमानाने सांगतात, "आमचं घर गरजेपोटीचं." कुणी 'अनधिकृत' म्हटलं की भांडण होतं.

अर्जवाला भाऊ, तुमचं दुकान आमच्या गावापासून लांब नाही, माझ्या आईचं काम तुम्हीच केलेलं आहे, आणि नीट केलं होतं. म्हणून हक्काने सांगतो. त्या पोरीला 'अडनिडी' म्हणालात त्यात ती कुठे *नाही* एवढंच सांगितलं. निवटीला कुणी अडनिडा मासा म्हणत नाही.


हिरवा_चहा, बुधवार

हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. आईंना नमस्कार सांगा.


वाचनमेज (ठाणे), बुधवार रात्री

निवटी यांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण माझं कामच वर्गीकरणाचं आहे, म्हणून राहवत नाही.

ग्रंथालयात पुस्तक शेल्फवर एकाच जागी उभं राहू शकतं. बहुतेक ठिकाणी ड्यूईची दशांश पद्धत, १८७६ सालची. सगळं ज्ञान दहा मोठ्या घरांत, प्रत्येकाची पुन्हा दहा. स्वयंपाकाची पुस्तकं ६४१ मध्ये, चरित्रं ९२० मध्ये. आता एका बाईने आपलं आयुष्य सांगता सांगता पाककृती लिहिल्या असतील तर? मी ते ६४१ ला ठेवलं की आत्मचरित्र शोधणाऱ्याला सापडत नाही. माझ्या गुरू अशा पुस्तकांना 'पाहुणी' म्हणायच्या. कुठल्याही घरात ठेवा, पाहुणीच राहणार. मग आम्ही तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, दोन-तीन नोंदी करतो. जागा एक, वाटा अनेक.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं त्यामागचा विचार मला आजही थक्क करतो. आधी घरं बांधून त्यात पुस्तकं कोंबायची नाहीत. पुस्तकालाच विचारायचं, तू कशाबद्दल, कोणत्या अंगाने, कोणत्या जागेचं, कोणत्या काळाचं? त्या उत्तरांचे तुकडे जोडून त्याचा क्रमांक तयार करायचा. पाहुणं कुणी उरतच नाही. व्यवहारात ते क्रमांक लांबलचक होतात म्हणून ड्यूई टिकली, हेही खरं.

अवांतर: आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथल्या जुन्या कपाटांसमोर उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, इतक्या वर्षांत किती पुस्तकांनी घरं बदलली असतील.


स्पष्ट_बोलतो (कोपरी), बुधवार रात्री

सगळं छान चाललंय, पण मला एक टोचतंय. शब्द बदलून त्या मुलीला ॲडमिशन मिळणार आहे का? तुम्ही तिला अडनिडी म्हणा, पाहुणी म्हणा, खाजणाची म्हणा, अर्जात तारीख १९६७ चीच राहणार. आणि ती तारीख उगाच नाही. यादी त्या त्या राज्यातल्या समाजस्थितीवर ठरते. कुणीही कुठूनही येऊन सवलत घेतली तर इथला गरीब मागे पडेल. हा विचार सोडून नुसती हळहळ नको.


सातवी_ब, बुधवार रात्री

तारखेमागचं कारण मान्य. अर्जवालांनी सवलत मागितलेली नाही, शब्द विचारलाय. नियमाने 'नाही' म्हणणं एक आणि माणसाला नाव ठेवणं दुसरं. पहिलं टळत नसेल, दुसरं नक्की टळतं.


दुसरा_रकाना (तुर्भे), गुरुवार पहाटे

मी इथे क्वचित लिहिते. मी तृतीयपंथी आहे.

स्पष्ट_बोलतो, शब्दाने काय होतं ते सांगते. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री आणि पुरुष यांच्या शेजारी 'इतर' आलं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमची ओळख कायद्याने मान्य झाली. त्याआधी मी प्रत्येक अर्जावर खोटं लिहीत होते, कारण खरं लिहायला जागाच नव्हती. 'इतर' मिळालं तेव्हा आनंद झाला. पण नंतर कळलं की 'इतर' म्हणजे उरलेले. खिडकीवर ओरडून विचारतात, "इतरवाले कोण आहेत?" आणि रांग वळून बघते.

मग एका अर्जावर 'तृतीयपंथी' असं छापलेलं पाहिलं. सवलत काही जास्त नव्हती. कागद तोच, शुल्क तेच. मी पेन थांबवून दोन मिनिटं नुसतं बघत राहिले.

रस्त्यात आम्हाला ज्या नावांनी हाका मारतात ती मी इथे लिहिणार नाही. त्या सगळ्यांचा अर्थ एकच, हे पण नाही, ते पण नाही.


स्पष्ट_बोलतो, गुरुवार सकाळी

तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार, ताई. शब्दाने काही होत नाही हे माझं म्हणणं मागे घेतो. नियमाबद्दलचं मत तेच आहे.


उपवन, गुरुवार सकाळी

वाचनमेज यांच्यासाठी एक भर. दिवस आणि रात्र यांच्या मधल्या वेळेला आपण 'अडनिडी' म्हणत नाही, तिन्हीसांज म्हणतो. पहाटेच्या आधीचं झुंजूमुंजू. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, झोपायचं नाही, कुणाला रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही, असे तिचे स्वतःचे नियम. नरसिंह आला तोही याच वेळेला आणि उंबऱ्यावर, घरात नाही की बाहेर नाही, माणूस नाही की पशू नाही. ज्या वेळेशी, ज्या जागेशी आपलं नातं जुनं आहे तिला नाव पडलं. साडेतीनच्या दुपारशी आपलं नातं नव्हतं, म्हणून ती अडनिडी राहिली.


अर्जवाला, शुक्रवार रात्री

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. निवटी भाऊ, आईंचं काम आठवलं, सातबाऱ्यावर आडनावाचं अक्षर चुकलेलं होतं. दुसरा_रकाना ताई, तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या मुलाला वाचून दाखवलं. त्याने काही न बोलता खालचं दुकान गाठलं आणि दोन चहा घेऊन आला, एक माझ्यासाठी.

आम्ही दोघांनी ठरवलं. आता 'अडनिडा आहे' नाही म्हणायचं. अर्जात जागा नसेल तर 'रकाना नाही' म्हणायचं. आज दिवसभरात चारदा म्हटलं. जीभ वळत नाही अजून. पण एक फरक लगेच कळला. पूर्वी तो "अडनिडा आहे" म्हणाला की मी माणसाकडे बघायचो. आज "रकाना नाही" म्हणाला तेव्हा मी आधी अर्जाकडे बघितलं, आणि चारपैकी एकाचा रकाना दुसऱ्या पानावर सापडलासुद्धा. परित्यक्ता होती ती बाई.

ऐरोलीच्या मुलीला आज फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, "काका, मी विसरले पण होते." विसरली नव्हती. तिला सांगितलं की या वर्षी खुल्या प्रवर्गातून अर्ज टाकू, बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचं बघू, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला मी काढून देतो. तिकडचा जातीचा दाखला मिळतो का तेही बघतोय, उद्या कुठे लागला तर. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात सापडलाय, पण तो सगळा कानडीत आणि शाई उडालेली. दोन_भाषा, तुम्ही म्हणाला होतात म्हणून विचारतो.


दोन_भाषा, शुक्रवार रात्री

उद्या शनिवार आहे, चारनंतर मोकळा आहे. वाशीहून ठाण्याची गाडी पकडतो, वीस मिनिटांत घणसोली. भिंग घेऊन येतो, जुने दाखले हाताने लिहिलेले असतात. मुलीलाही बोलवा, आजोबांच्या शाळेचं नाव तिला वाचून दाखवीन.